लांब आलेला पुश

टेबल टेनिसमध्ये समोरचा खेळाडू आक्रमक आहे की नाही हे ओळखायचं तर त्याचा स्मॅश बघू नये. उंच उडालेला बॉल सगळेच मारतात. लांब आलेल्या पुशचं तो काय करतो, तेवढं बघावं. खालून कापलेला बॉल, वेग बेताचाच, नेटवरून जेमतेम आलेला, टेबलाच्या शेवटच्या रेषेजवळ टप्पा घेऊन खाली उतरायला लागलेला. असा बॉल परत पुश करणं अगदी सोपं असतं. बॅट थोडी उघडायची, बॉलच्या पोटाखालून हात सारायचा, झालं. तोच उचलून मारायचा तर गुडघे वाकवा, खांदा वळवा, बॅट मांडीपर्यंत खाली न्या आणि एवढा सगळा खटाटोप करूनही तो नेटमध्ये जाईल ही धास्ती बाळगा. या एका बॉलवर जो पुन्हा पुन्हा खटाटोपाचा रस्ता धरतो तो आक्रमक खेळाडू. बाकीचे नुसते जोरात मारणारे.

शैली कशी निवडावी, हा प्रश्न नव्याने खेळायला लागलेली मुलं विचारतात आणि मध्यमवयात पुन्हा बॅट हातात घेतलेली माणसंही विचारतात. विचारताना बहुतेकांच्या मनात स्वभाव असतो. ‘मी तसा शांत आहे, मला ब्लॉकिंग जमेल.’ ‘मला धीर नाही, मी आपला मारणार.’ मला यात फारसं तथ्य वाटत नाही. एरवी क्षुल्लक कारणावरून भडकणारी माणसं टेबलावर मख्ख चेहऱ्याने ब्लॉक करत, म्हणजे नुसती बॅट धरून बॉल अडवत उभी असलेली मी पाहिली आहेत, आणि चारचौघांत तोंडातून शब्द न काढणारी माणसं 9-9 ला फोरहँड आखडता घेत नाहीत. शिवाय धीर नाही म्हणून अटॅक, हे तर साफ उलटं. बॉल पुरेसा खाली येईपर्यंत हात रोखून धरायला जितका धीर लागतो तितका पुश करायला मुळीच लागत नाही.

मग निवड करायची कशाच्या आधारावर? मला वाटतं, आधी या बॉलकडे नीट बघावं. त्याच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय आहे, हे एकदा कळलं की पुढचा निर्णय बराच सोपा होतो.

विरुद्ध आहे ती भूमिती. टेबल 2.74 मीटर लांब, नेट बरोबर मध्ये, 15.25 सेंटीमीटर उंच. आपल्या बाजूच्या शेवटच्या रेषेवरून समोरच्या शेवटच्या रेषेपर्यंत सरळ दोरी ताणली आणि तिने नेटच्या वरून जावं असं म्हटलं, तर आपल्याकडचं टोक टेबलापासून किमान 30.5 सेंटीमीटर वर धरावं लागतं. म्हणजे फूटभर. बॉलची स्वतःची जाडी धरली तर आणखी थोडं वर. त्याखालच्या बॉलला सरळ रेषेत मारून टेबलावर पाडणं शक्यच नाही. मधे नेट आहे. हळू मारला तर गुरुत्वाकर्षण त्याला वळवून खाली आणतं, पण हळू मारलेल्या बॉलची कुणाला भीती? लांब आलेला पुश फूटभर उंच कधीच नसतो. अनेकदा आपण बॅट लावतो तेव्हा तो टेबलाच्या पातळीच्याही खाली गेलेला असतो. ‘अंगात ताकद आहे, मी मारून काढीन’ म्हणणाऱ्यांचे बॉल नेटमध्ये किंवा मागच्या भिंतीवर का जातात याचं उत्तर या दोरीत आहे.

त्यातून सुटका टॉपस्पिन करतो. पुढच्या दिशेने फिरणारा बॉल हवेतून जाताना वरून खाली दाबला जातो, त्यामुळे तो नेटवरून चांगला हातभर उंच जाऊनही अचानक मान टाकतो आणि टेबलावर बसतो. टप्पा पडल्यावर पुन्हा पुढे झेप घेतो. वेग आणि कमान एकाच बॉलमध्ये मिळण्याचा हा एवढाच मार्ग आहे. म्हणून आजच्या खेळात अटॅक म्हणजे मुख्यतः टॉपस्पिन. स्मॅश हा त्या टॉपस्पिनने मिळवून दिलेला शेवटचा घास.

आता बाजूने काय आहे ते. मला स्वतःला हे कळलं तेव्हा खेळाकडे बघण्याची नजरच बदलली. समोरच्याने बॉल खालून कापला, तेव्हा बॉलचा वरचा भाग त्याच्याकडे फिरत आपल्याकडे येतो. आपण टॉपस्पिन मारला तर आपला बॉल त्याच्याकडे जाताना त्याचाही वरचा भाग त्याच्याचकडे फिरत असतो. म्हणजे फिरण्याची दिशा तीच! बॉल फक्त उलट दिशेने निघाला, गिरकी कायम राहिली. आपल्याला ती थांबवायची नसते. जी चालू आहे तिच्यात भर घालायची असते. याउलट आपण तो बॉल पुश करून परत पाठवतो तेव्हा त्याची गिरकी थांबवून उलटी करावी लागते, आणि आपला पुश त्याच्या मानाने बहुधा फिका पडतो. जड कापलेल्या पुशला आपण घाबरतो खरे, पण त्याच पुशवर सगळ्यात जास्त स्पिनचा टॉपस्पिन निघतो. समोरच्याने अर्धं काम करून दिलेलं असतं.

टॉपस्पिनवर टॉपस्पिन मारताना हा फायदा मिळत नाही. तिथे गिरकी उलटवावी लागते, आणि म्हणूनच टेबलापासून मागे सरून दोघंही टॉपस्पिन मारतात तेव्हा दिसायला देखणी असलेली रॅली शरीर पिळून काढते. चॉप करणाऱ्या बचावपटूला मात्र तो फायदा आहे, कारण टॉपस्पिनला खालून कापलं की गिरकी पुन्हा तशीच चालू राहते. लूपर (कापलेला बॉल टॉपस्पिनने उचलणारा, त्या फटक्यालाच लूप म्हणतात) आणि चॉपर यांची रॅली बघत राहावीशी का वाटते, याचं एक कारण हे असणार: दोघंही एकमेकांची गिरकी न मोडता तिच्यात भर घालत जातात.

हे सगळं कागदावर कळणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. ज्या सरांकडे मी हा फटका शिकलो ते बोलायचे कमी. बादलीभर बॉल घेऊन समोर उभे राहायचे आणि एकामागून एक कापलेले बॉल माझ्या फोरहँडला टाकत राहायचे. मी पहिल्यांदा सगळेच जोरात हाणत होतो. ते बॅट न थांबवता म्हणायचे, “मारू नकोस. घास.” थोड्या वेळाने, “हात लवकर येतोय. खाली येऊ दे त्याला.” आणि मग बराच वेळ काहीच नाही, फक्त बॉल. काही दिवसांनी कानाला फरक ऐकू यायला लागला. सपाट लागलेला बॉल ‘टक’ वाजतो. नीट घासलेल्या बॉलचा आवाज दबका, थोडा खरखरीत येतो, आणि बॉल बॅटवर जरा रेंगाळला असं हाताला वाटतं. प्रत्यक्षात तो स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. रेंगाळण्याचा फक्त भास. पण त्या भासावरच सगळं शिकणं चालतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. खेळून झाल्यावर बॅट दिव्याखाली तिरकी धरायची. रबरावर बसलेल्या बारीक धुळीत बॉल लागल्याचे ठिपके दिसतात. माझे ठिपके सुरुवातीला मुठीच्या जवळ आणि मधोमध गर्दी करून होते. तिथे बॅटचा वेग कमी असतो. सरांच्या बॅटवर ते टोकाकडच्या अर्ध्या भागात होते, एका अरुंद पट्ट्यात, जणू कुणी आखून दिल्यासारखे. त्यांनी काही सांगितलं नाही. दोन्ही बॅटी शेजारी शेजारी धरल्या आणि बादली भरायला लागले.

उचलायचा की परत सारायचा, या प्रश्नाशी खेळाचे नियमही फार वर्षं झगडत आले आहेत. 1936 मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा अलोइझी एर्लिख आणि रुमानियाचा फार्कश पानेथ यांच्यातला एक पॉइंट दोन तासांहून अधिक चालला. तेव्हाच्या बॅटींवर नुसतं दाणेदार रबर, स्पंज नाही. बॉलला पकड मिळणार कशी? मारणाऱ्याचा तोटाच होता, तेव्हा दोघंही सारत राहिले, आणि त्या बॅटींच्या हिशेबाने त्यांचं काही चुकत नव्हतं. पुढच्याच वर्षी महिला एकेरीची अंतिम लढत वेळमर्यादेत संपेना म्हणून थांबवली गेली आणि विजेतेपद रिकामं ठेवलं गेलं. रूथ आरन्स आणि ट्रूडी प्रित्झी या दोघींना संयुक्त विजेत्या म्हणून मान्यता मिळाली ती थेट 2001 मध्ये. मधल्या काळात नेट खाली आणलं गेलं, वेळेचे नियम आले. आजही दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून 18 पॉइंट झालेले नसले, तर एक्स्पिडाइट नावाचा नियम लागू होतो: एकेक सर्व्हिस आळीपाळीने, आणि सर्व्हिस घेणाऱ्याने तेरा वेळा बॉल परत केला की पॉइंट त्याचा. एक प्रकारे नियमच सांगतो, सर्व्हिस तुझी आहे ना, मग मार.

पण खरा बदल नियमाने घडवला नाही, स्पंजने घडवला. 1952 मध्ये मुंबईत झालेल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. त्या बॅटीचा आवाज येत नव्हता. समोरच्यांना बॉल कधी लागला, किती जोरात लागला, हे कानाने कळण्याची सवय होती. ती सवयच निकामी झाली, आणि सातो पुरुष एकेरीचा विजेता ठरला. 1959 मध्ये बॅटीवरच्या रबर-स्पंजची एकूण जाडी 4 मिलिमीटरपर्यंत मर्यादित करण्यात आली, आणि ती मर्यादा आजही आहे. त्यानंतर 1960 च्या सुमारास जपानी खेळाडूंनीच लूप रूढ केला. कापलेल्या बॉलला आता उत्तर मिळालं होतं.

गंमत अशी की पुढे आक्रमण इतकं वरचढ झालं की नियमांना लगाम उलट्या बाजूने ओढावा लागला. 2000 साली बॉल 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला, म्हणजे हवेत मंदावणारा आणि कमी फिरणारा. 2002 मध्ये हात आड धरून सर्व्हिस लपवणं बंद झालं. 2008 मध्ये स्पंज फुगवणारा स्पीड ग्लू गेला. 2014 पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचा बॉल आला. प्रत्येक वेळी लोक म्हणाले की आता बचावाला दिवस येतील. तसं काही झालं नाही. बॉल मोठा झाला तरी नेट आणि टेबल होतं तेवढंच राहिलं, आणि गिरकीत भर घालणं हे ती उलटवण्यापेक्षा सोपंच राहिलं.

याचा अर्थ बचाव संपला असा नाही. 2003 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे ऑस्ट्रियाच्या वेर्नर श्लागरकडून हरला. जू हा अस्सल चॉपर, टेबलापासून लांब मागे उभा राहून कापणारा. पण त्याचे सामने बघताना चॉपइतकाच त्याचा फोरहँड लक्षात राहतो. समोरच्याचा जरा ढिला पडलेला बॉल मिळाला की तो पुढे झेपावून टॉपस्पिन मारायचा. सामान्य खेळाडूने यातून घ्यायचं ते असं, की बचावाची शैली निवडली म्हणून लांब पुश उचलायला शिकण्यातून सुटका नाही. फार तर तो कमी वेळा उचलावा लागेल.

आता त्या धास्तीकडे येतो. आक्रमक खेळ आवडूनही लोक तो सोडतात तो चुकांमुळे. समजा, मला दहा लांब पुश मिळाले आणि मी दहाही उचलले. तीन नेटमध्ये किंवा बाहेर गेले. उरले सात. त्यातले तीन समोरच्याला ब्लॉकच झाले नाहीत. चार परत आले, आणि त्या रॅलींमध्ये पुढाकार माझा असल्यामुळे त्यातले दोन-तीन मला मिळाले. गोळाबेरीज केली तर दहापैकी पाच-सहा पॉइंट माझे. अकराच्या गेममध्ये एवढ्यावर माणूस जिंकतो. पण लक्षात काय राहतं? ते तीन नेटमध्ये गेलेले. बघणाऱ्यांच्याही लक्षात तेच राहतात. “अरे, उगाच कशाला मारतोस?” असं बाकावरून ऐकू येतंच.

तेच दहा बॉल मी पुश केले तर चूक एकही दिसणार नाही. समोरचा त्यातले चार-पाच उचलून मारेल, मी म्हणेन, “छान मारला,” आणि पॉइंट त्याच्या नावावर जमा होईल. माझ्या खात्यात चूक शून्य. गेम मात्र गेलेला. पुशवर हरलेले पॉइंट समोरच्याच्या कौतुकात लपून जातात, टॉपस्पिनवर हरलेले आपल्या नावाने ओरडतात. आक्रमक शैली निवडताना खरी निवड मला इथे दिसते: हरायचं तर स्वतःच्या बॅटने, सगळ्यांसमोर, स्पष्ट दिसेल असं हरायला मन तयार आहे का? ज्याचं उत्तर नाही असेल, त्याने कितीही वेगवान रबर लावलं तरी 8-8 नंतर तो सारायलाच लागतो. हे मी फार जवळून पाहिलं आहे, चांगल्या चांगल्या हातांच्या बाबतीत.

अर्थात हिशेब तसा बसायला हवा. दहापैकी तीन बाहेर जातात तोवर ठीक. सहा बाहेर जात असतील तर ते धाडस नसून दानधर्म झाला. तेव्हा वेग कमी करून कमान वाढवायची; हळू पण खूप फिरणारा टॉपस्पिन नेटवरून चांगला उंच काढायचा आणि खोल टाकायचा. नव्याने खेळणाऱ्याला हा हळू फटका कमीपणाचा वाटतो. पण ब्लॉक करणाऱ्याला विचारा. वेगवान बॉलवर नुसती बॅट धरली तरी तो परत जातो. हळू आलेला भरपूर फिरणारा बॉल बॅटीला लागून वर उडतो, आणि तोच पुढच्या फटक्यात मारायचा असतो.

आक्रमण एकाच जातीचं नसतं, हेही निवडताना विसरलं जातं. 1961, 1963 आणि 1965 असा लागोपाठ तीनदा जगज्जेता झालेला चीनचा च्वांग त्सेतुंग टेबलाला चिकटून, बॉल वर येत असतानाच दोन्ही बाजूंनी झटपट मारायचा. या खेळात ताकदीपेक्षा वेळ चोरण्याला महत्त्व. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमधला अंतिम सामना मला या बाबतीत फार बोलका वाटतो. दोघंही पेनहोल्ड पकडीचे, म्हणजे पेन धरावं तशी बॅट धरणारे, दोघंही आक्रमक, आणि तरी दोन वेगळे खेळ. चीनचा वांग हाओ बॅटीच्या मागच्या बाजूनेही बॅकहँड टॉपस्पिन मारणारा, त्यामुळे जागेवरून दोन्ही बाजू सांभाळू शकणारा. कोरियाचा र्यू सुंग-मिन जुन्या वळणाचा: बॅकहँड कोपऱ्यातला बॉलही पायांनी फिरून फोरहँडनेच मारणार, आणि मग उघड्या पडलेल्या फोरहँड बाजूला झेप घेणार. सुवर्णपदक र्यूला मिळालं. तो सामना बघताना बॅट सोडून फक्त पाय बघावेत.

पायांचा विषय आक्रमक खेळाडूला टाळता येत नाही. बचावपटू मागे असतो, त्याला वेळ मिळतो. ब्लॉकर टेबलाजवळ असतो, त्याला फार हलावं लागत नाही. लूपरला मात्र बॉल नेमक्या जागी, कमरेच्या पुढे, हाताच्या टप्प्यात हवा असतो, आणि समोरचा तो तिथे टाकत नाही. तो कोपरावर टाकतो. फोरहँड घ्यावा की बॅकहँड, हे ठरेपर्यंत बॉल पोटात शिरलेला. यावर उपाय एकच, आधी पाय. टाचा किंचित उचललेल्या, वजन चवड्यांवर, फटका मारून झाल्यावर बॉल बघत न थांबता लगेच पुन्हा तयार. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फोरहँडने सगळं टेबल झाकायचा नाद सोडावा आणि दोन्ही बाजूंनी छोट्या हाताने, टेबलाजवळून टॉपस्पिन मारायला शिकावं. तेही आक्रमणच आहे. शरीर बघून शैली ठरवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. उलट स्वभाव बघून ठरवण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं.

बॅटीबद्दल थोडक्यात. आक्रमक व्हायचं ठरवलं की लोक पहिल्यांदा कार्बनचं ब्लेड (रबराखालची फळी) आणि सर्वांत जाड स्पंज घेतात. वेगवान बॅट चांगला ब्लॉकर बनवते. बॉल लागला की लगेच निघून जातो, घासायला उसंतच देत नाही. शिकताना पाच थरांचं साधं लाकूड आणि पकड असलेलं मध्यम रबर पुष्कळ झालं. रबर बघून शैली ओळखण्याची घाईही करू नये. मनिका बत्राने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तिच्या बॅकहँडला लाँग पिम्पल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर होतं, जे लोक एरवी बचावाचं रबर मानतात. ती त्याने समोरचीचा वेग आणि स्पिन मोडते, मध्येच बॅट हातातल्या हातात फिरवते, आणि ढिला बॉल मिळाला की मारते.

लाँग पिम्पलचा विषय निघाला तर आमच्या हॉलमधल्या काकांबद्दल सांगायलाच हवं. बॅकहँडला लाँग पिम्पल, पाय जवळजवळ हलत नाहीत, चेहऱ्यावर काही नाही. मी जीव तोडून टॉपस्पिन मारायचा आणि तो बॉल त्यांच्या बॅटीला लागून कापलेला होऊन परत यायचा. एकदा मी विचारलं, “काका, तुम्ही एवढा कापता कसा?” म्हणाले, “मी कुठे कापतो? तुझाच माल तुला परत देतो.” आणि ते अक्षरशः खरं होतं. लांब, लवचीक दाण्यांना बॉल पकडता येत नाही, त्यामुळे माझी गिरकी तशीच कायम राहून बॉल माझ्याकडे वळतो, आणि माझ्या बाजूने बघता तो बॅकस्पिन ठरतो. मी जितका जोर लावीन तितका पुढचा बॉल मलाच जड. मग सरळ आहे: पहिला टॉपस्पिन भरपूर फिरवायचा, दुसरा सावकाश उचलायचा, आणि मध्येच कधीतरी त्यांच्या पिम्पलवर नुसता पुश सारायचा. तो परत येताना जवळजवळ बिनस्पिनचा, थोडा तरंगत येतो, आणि तोच मारायचा बॉल. अटॅक करणाऱ्यानेही पुश शिकायला हवा तो यासाठी, निदान काकांसाठी तरी.

आतापर्यंत मी लांब पुश जणू आयता हातात पडतो असं लिहिलं. सर्व्हिस आपली असते तेव्हा तो बऱ्यापैकी मिळवता येतो. नेटजवळ आखूड, खालून कापलेली सर्व्हिस टाकायची. समोरच्याला ती सहजी मारता येत नाही, तो पुश करतो, थोडा लांब जातो, आणि तिसरा बॉल आपला. अख्खा आक्रमक खेळ या तीन बॉलांवर उभा राहू शकतो, आणि सर्व्हिसचा सराव एकट्याने, कुणाची वाट न बघता करता येतो, तरी तो कुणी करत नाही. पण सर्व्हिस दोन-दोन असतात. उरलेल्या अर्ध्या पॉइंटांत तीच आखूड कापलेली सर्व्हिस आपल्याकडे येते. टेबलाच्या वर, नेटजवळ, बॅट खाली न्यायला जागा नाही. मधे टेबलच आहे. तिथे लूपरचा सगळा तोरा उतरतो. पर्याय दोन. तितकाच आखूड पुश परत टाकून समोरच्याचा तिसरा बॉल काढून घ्यायचा, किंवा बनाना फ्लिक.

हा फटका 2012 चा ऑलिम्पिक विजेता चांग चिकेच्या खेळात बघावा. उजवा पाय टेबलाखाली घुसतो, कोपर बॉलपेक्षा वर, मनगट आत वळून बॅटीचं टोक स्वतःच्या पोटाकडे. आणि मग फक्त मनगट आणि पुढचा हात उलगडत बॉलच्या मागून-बाजूने गोल घासला जातो. कापलेला आखूड बॉल टेबलाच्या वरच, जागा नसताना, टॉपस्पिन होऊन निघतो. इथेही समोरच्याच्या गिरकीत भर घालणंच आहे, फक्त वाव हातभराऐवजी वीतभर.

सध्या माझा बराचसा वेळ यातच जातो. एकट्याने सराव करताना बॉल टेबलावर हाताने फिरवून सोडतो आणि तो उडाला की कोपर उचलून मनगट उलगडतो. काकांवर पहिल्यांदा वापरला तेव्हा त्यांनी बॉल मागे जाऊ दिला, एकदा बॅटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. पुढच्या गेमपासून त्यांनी आखूड सर्व्हिस बंदच केली. आता लांब येते, वेगात, थेट कोपरावर, आणि मी अजून मनगट आत वळवत असतो. म्हणजे पुन्हा पायांपासून सुरुवात.